नऊ पॉइंट आठ

ब्युरेटमधून पाहिलं की सातपुडा
डावीकडचा उजवीकडे जातो.
चोपड्याच्या कॉलेजात सहा महिन्यांत
केमिस्ट्रीतलं एवढंच मी स्वतःहून शिकले.

मी आले होते झाडांसाठी.
शिरा पाहून सांगते, अंजन की धावडा.
केळीच्या बुंध्याला कुणी खोड म्हटलं
की भांडायला उठते.
पण झाडांकडे जायची वाट विद्यापीठाने
केमिस्ट्रीच्या दारातून काढलीय
आणि दाराला कुलूप आहे, मोल नावाचं.
सहावर तेवीस शून्यं, असं काहीतरी.
आई म्हणते, मोल म्हणजे किंमत, त्यात काय अवघड?

लासूरच्या एस.टी.त
तिकिटाच्या मागे हिशेब मांडते:
अंतर्गतचे चाळीसात बावीस,
हजेरीचे पाच सोडायचे नाहीत, ताप असला तरी,
लेखीत साठात एकोणतीस पडले
तर सरासरी सातच्या वर राहते.
सातच्या खाली फी-माफी नाही.
पप्पा काही बोलणार नाहीत,
फक्त पंक्चरच्या दुकानात
हवेचा पंप जरा जास्त जोरात मारतील.
गाडी खड्ड्यात जाते,
पेन उडतं, एकोणतीसचे एकोणचाळीस होतात.
क्षणभर बरं वाटतं.

प्रॅक्टिकलला पंखे बंद. ज्योत विझते म्हणून.
बाहेर त्रेचाळीस, आत कोण मोजणार.
माझ्या शेजारी वैजापूरची बिजली पावरा,
तिचा हात कापत नाही.
ती सांगते, वर आकडे नको बघू, खाली बघ.
सुकलाल आप्पा मागून येतात,
"हळू सोड बेन, तू वावरले पानी नई भरी ऱ्हायनी."
मी हळू सोडते.
काही नाही. काही नाही. काही नाही.
मग एकदम राणी कलर,
लग्नातल्या मावशीच्या साडीसारखा, निर्लज्ज.
मधला तो फिका गुलाबी,
ज्याचे मार्क असतात,
तो येऊन गेला असणार. मी पापणी लववली असेन.

अकरा पॉइंट दोन. दहा पॉइंट चार. दहा पॉइंट तीन.
आप्पा प्रत्येक टेबलाजवळ थांबतात,
बाटली उचलल्यासारखं करतात
आणि ओठ न हलवता सांगतात, नऊ पॉइंट आठ.
दरवर्षी नऊ पॉइंट आठच येतं.

मी लिहिलं.
तीनदा, एकाखाली एक,
नऊ पॉइंट आठ
नऊ पॉइंट आठ
नऊ पॉइंट आठ.
माझं अक्षर इतकं सुंदर कधी आलं नव्हतं.

बडगुजर मॅडमनी फ्लास्क उजेडात धरला,
मग माझ्याकडे पाहिलं,
मग सही केली. दहात आठ.
बिजलीला सहा.
तिने दहा पॉइंट तीन लिहिलं होतं.
स्टँडवर मी विचारलं, आप्पांचं ऐकू नाही आलं का तुला?
म्हणाली, आलं ना. पण मला दहा पॉइंट तीनला दिसला.
आणि शेंगदाण्याची पुडी माझ्यापुढे धरली.

निकालात सात पॉइंट शून्य दोन.
फी वाचली. पप्पांनी पेढे नाही, पण
गरम शेव आणली पाव किलो.
मी खाल्ली. तिखट लागली. पाणी प्यायले.

शनिवारी दुपारी लॅब उघडी होती.
आप्पा झुरळांची पावडर टाकत होते.
म्हटलं, एकदा करू का? मार्कांचं नाही.
त्यांनी स्टूल पुढे सरकवलं.
मी आकडे बघितले नाहीत.
थेंब. फिरव. थेंब. फिरव.
अर्धा थेंब नळीच्या टोकाला लटकून राहिला,
बाटलीतल्या पाण्याने तो खाली उतरवला
आणि फ्लास्कमध्ये काहीतरी झालं,
रंग म्हणावा की नाही इतकंच,
लहान बाळाच्या नखाएवढं गुलाबी.
मग वर पाहिलं.
दहा पॉइंट तीन.

आप्पांनी बाटलीतलं किती कमी झालं ते पाहिलं,
चष्मा पुसला,
रजिस्टर उघडून तारीख घातली
आणि समोर लिहिलं: सांडले.